बुतांव

नेवऱ्याच्या मानशीखालचा गाळ उपसताना
इनासियुला ते सापडलं.
"म्हाका दिसलो बुतांव," तो म्हणाला,
आणि खुर्चीच्या अगदी काठावर टेकला,
ते बुतांव नव्हतं याचा ठपका जणू त्याच्यावरच येणार.
खिशातून पोटदुखीच्या गोळ्यांची डबी निघाली,
डबीत कापूस, कापसात ते.
चकचकीत.
माझ्या पोटात खड्डा पडला.
"कशानं धुतलंस?"
"बिंबलानं."
समई घासतात तसं. रात्रभर रसात.

खाजणाच्या चिखलानं शेकडो वर्षं
जी साय त्याच्यावर धरू दिली होती,
ती एका रात्रीत उतरली.
रागासाठी या फॉर्मवर रकाना नाही.
मी लिहू लागले.

धातू चांदी.
वजन दोन ग्रॅम एक्क्याण्णव.
पंखा बंद करून पुन्हा: दोन नव्वद.
व्यास अठरा मिलिमीटर, आडवा मोजला तर सतरा,
घडवणाऱ्यालाच घाई झालेली असणार.

दिवा वरून धरला तर नाण्यावर काहीही नसतं.
तो निजवावा लागतो, टेबलाला टेकवून,
उतरतं ऊन बांधाला लागून शेतात शिरतं तसा.
मग एकेक ढेकूळ सावली टाकतं.
आधी हनुवटी आली.
मग मानेमागं पानांच्या मुकुटाची गाठ.
गालावर दाढी होती, की ती नुसती झीजच?
दाढी असेल तर राजा बदलतो, शतक बदलतं,
म्हणून मी अर्धा तास एका गालापाशी थांबले.
काठाला एक व्ही. पुढचं अक्षर जी, किंवा सी.
कॅटलॉगातली तीन नावं पेन्सिलीनं लिहिली,
दोन खोडली,
तिसऱ्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं
आणि खोडलेल्यातलं एक पुन्हा लिहिलं.

मागच्या बाजूला कुणी देवी उभी.
हातात सुकाणू, किंवा धान्याचं माप.
तिचा चेहरा गेलेला, पण चुण्या शाबूत,
लुगड्यासारख्या.

क्षती: भोक एक.

एवढं लिहून पुढं सरकले असते.
पण भोक देवीच्या डोक्यावर होतं, नेमकं मध्यावर.
नाणं उलटलं
तर तेच भोक राजाच्या गळ्याखाली.
म्हणजे कुणीतरी ते ओवलं तेव्हा देवी सरळ ठेवली
आणि सम्राट पाय वर, डोकं खाली,
छातीवर लोंबकळत राहिला,
एका जन्मभर. कदाचित मुलीच्या, नातीच्याही.
भोकाची वरची कड दोऱ्यानं खाल्लेली.

मग राजाचीच बाजू एवढी सपाट का?
हे मी स्वतःशीच पुटपुटले, मोठ्यानं.
इनासियुनं सदऱ्याचं वरचं बटण काढलं,
दोरीतलं पदक बाहेर ओढून माझ्यापुढं धरलं:
एका बाजूला सायब, नाकडोळ्यांसकट,
दुसरीकडं काहीच नाही, गुळगुळीत, घामट.
"आंगाक लागता ती बाजू पुसता," तो म्हणाला,
भरतीची वेळ सांगावी तसं.

मी 'क्षती' खोडलं.
फॉर्मवर दुसरा शब्द छापलेला नव्हता,
म्हणून समासात लिहिलं:
गळ्यात घातलेलं. मुखवट्याची बाजू अंगाकडे.
निरीक्षण: इनासियु फुर्तादो, मानशीकार, नेवरे.
वरिष्ठ विचारतील, हे कोण तज्ज्ञ?
विचारू देत.

पावतीवर त्यानं सावकाश सही केली,
आडनावात एक अक्षर जास्तच पडलं.
पैशांचं काही विचारलं नाही,
राजाचं नावही नाही.
दारातून परत आला.
डबी हवी होती.
कापूस मी ठेवून घेतला,
त्यावर करडा डाग होता, बिंबलाचा किंवा चांदीचा.
तो कुठल्या रकान्यात जातो
हे अजून ठरलेलं नाही.